जुनी ॲक्रिलिक टाकी घेताना: ओरखडे सोडा, सांधे बघा

ॲक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची, वापरलेली माशांची टाकी, 120 × 60 × 60 सेंटीमीटर, भिंती 12 मिलिमीटरच्या. पुढून ओरखड्यांनी भरलेली, वरच्या पट्टीला तडा, मागच्या उभ्या सांध्यात पांढुरका डाग. ती घ्यायची की नाही हे कसं ठरवलं, ते लिहितो.

भरल्यावर तीत साधारण 430 किलो पाणी मावतं आणि नुसत्या पुढच्या भिंतीवर दोनशे किलोच्या वर रेटा येतो. उंची दुप्पट केली की हा रेटा चौपट होतो. लांबी वाढवल्याने तळाचा दाब बदलत नाही. म्हणून उंच टाकीच्या बाबतीत मी जास्त कडक असतो.

ओरखड्यांचं भय बाळगू नये. 600 नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून वापरायचा घासकागद, नंबर जितका मोठा तितका बारीक) ओलं घासत 800, 1000, 1500, 2000 असं चढत गेलं आणि शेवटी पॉलिश केलं की ते जातात. फक्त तो ओरखडाच आहे ना, याची खात्री हवी. ओरखडा पृष्ठभागावर राहतो. तडा आत शिरलेला असतो. टॉर्च तिरपी धरून हळूहळू फिरवली की एका विशिष्ट कोनात तो आरशासारखा चमकून उठतो.

केसासारख्या बारीक चमकणाऱ्या रेषांचं जाळं दिसलं तर मात्र थांबावं. ताणाखालच्या ॲक्रिलिकला स्पिरिट, थिनर किंवा अमोनियावालं काचेचं क्लीनर लागलं की असं जाळं पडतं, आणि ते पॉलिशने जात नाही, कारण ते वरवरचं नसतं. तळाजवळ असं जाळं असलेली टाकी मी घेत नाही. तपासताना स्वतःही स्पिरिटने पुसू नये. साधं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

वरची पट्टी पाण्याच्या वर असते म्हणून लोक तिचा तडा सोडून देतात. तसं करू नये. ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी पटींनी लवचीक असतं, आणि भिंतींना बाहेर फुगण्यापासून हीच पट्टी धरून ठेवते. इथला तडा पट्टीत कापलेल्या चौकोनी तोंडाच्या काटकोनी कोपऱ्यातून निघाला होता. ताण तिथेच गोळा होतो. तड्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तेवढ्याच जाडीची ॲक्रिलिक पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना 5 सेंटीमीटर पुढे जाईल अशी सॉल्व्हंट सिमेंटने (ॲक्रिलिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने) वर चिकटवली. सिलिकॉन ॲक्रिलिकला नीट धरत नाही, ते इथे कामाचं नाही.

खरा निर्णय सांध्यांवर होतो. चांगला सांधा पाण्यासारखा आरपार दिसतो. एकेकटे गोल बुडबुडे मूळ जोडणीतले असतात, ते चालतात. पांढरी किंवा चंदेरी चकती कडेपर्यंत पोचली असेल तर सांधा उकलतो आहे. तळाच्या सांध्यात असं दिसलं तर टाकी नाकारावी. इथला डाग 4 सेंटीमीटरचा, वरच्या एक तृतीयांश भागात आणि आतल्या कडेपासून दूर होता. त्याच्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवली आणि टाकी घेतली.

पाण्याची चाचणी उघड्यावर, तळ सगळीकडे टेकेल अशा सपाट आधारावर. पाव टाकी भरून दोन तास, अर्धी भरून रात्रभर, मग पूर्ण. सांध्यांखाली कोरडा कागद, म्हणजे थेंबही कळतो. पुढच्या भिंतीच्या वरच्या कडेजवळ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, ताठ सरळ पट्टी लावून दोन्ही टोकांना सारखंच अंतर ठेवायचं आणि मधला फुगवटा मोजायचा. पहिल्या दिवशी तो थोडा वाढतो, ते अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवशीही वाढतच असेल किंवा 'टक्' आवाज आला, तर लगेच उपसायला घ्यावं.

या टाकीचा फुगवटा दुसऱ्या दिवशी 3 मिलिमीटरवर थांबला. सातव्या दिवशी कागद कोरडा होता आणि पांढरा डाग मार्करच्या रेघेच्या आतच होता. तेव्हाच ती रिकामी करून घासायला घेतली.