लेंडी आणि गवत यांचे उष्मांक मूल्य

सोलापुरातील आमच्या प्रयोगशाळेत साखर कारखान्यांचा बगॅस (उसाचा चोथा) आणि बॉयलरचा कोळसा यांचे उष्मांक मूल्य, म्हणजे एक ग्रॅम जळताना किती उष्णता निघते, हे तपासले जाते. त्यामुळे एक संशोधक विद्यार्थिनी लडाखमधील मार्मोटच्या वाळलेल्या लेंड्या आणि तिथलेच गवत घेऊन आली, तेव्हा नमुन्याच्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न आमच्या लेखनिकाला पडला. खारीच्या कुळातला हा जाडजूड प्राणी उन्हाळ्यात गवत खाऊन चरबी साठवतो आणि हिवाळाभर बिळात निद्रिस्त राहतो. त्या झोपेतही तो अधूनमधून जागा होतो आणि थंड पडलेले अंग तापवण्यातच साठ्याचा मोठा हिस्सा खर्च होतो. खाल्लेल्या गवतातली ऊर्जा त्याच्या अंगी किती लागते, हे तिला हवे होते.

त्यासाठी नमुना बॉम्बमध्ये, म्हणजे ऑक्सिजन भरलेल्या बंद पोलादी भांड्यात जाळून निघालेली उष्णता मोजतात. हे काम नीट करायचे, तर घाई चालत नाही. भुगा दाबून त्याची वडी केली नाही, तर ऑक्सिजन भरतानाच तो उडतो आणि अर्धवट जळतो. नव्या मुलांना हे कितीही सांगितले, तरी त्यांना वडी करण्याचा कंटाळाच. साधारण एक ग्रॅमची वडी, ती पेटवायला तिला टेकलेली निक्रोमची तार, बॉम्बच्या तळाशी थोडे ऊर्ध्वपातित पाणी आणि ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन, तोही सावकाश सोडलेला.

गवत आणि लेंडी यांचे आकडे जवळजवळ सारखेच आले. साहेबांनी नमुना न पाहताच "मशीन तपासा" असा शेरा मारला. ज्याची उष्णता आधीच ठाऊक असते, ते बेंझोइक आम्ल जाळून पाहिले. ते ग्रॅममागे ६३१८ कॅलरींच्या आसपास, म्हणजे हवे तिथेच होते. मशीन ठीक होते. पचणारा भाग अंगी लागला, की मागे लिग्निनचा, म्हणजे गवतातल्या न पचणाऱ्या कठीण भागाचा वाटा वाढतो, आणि लिग्निन वजनाच्या मानाने सेल्युलोजपेक्षा (गवताच्या मुख्य तंतूपेक्षा) जास्त उष्णता देते. म्हणून एका ग्रॅमची ऊर्जा पचनाबद्दल फारसे सांगत नाही. किती ग्रॅम आत गेले आणि किती बाहेर पडले, हे कळायला हवे.

रानातल्या जनावराचा चारा कोण तोलणार? त्यावर आम्लात न विरघळणाऱ्या राखेचा उपाय आहे. ती पचत नाही, त्यामुळे लेंडीत तिचे प्रमाण गवताच्या दुप्पट निघाले, तर निम्मा चारा पचला, असे धरता येते. पण लेंड्या बिळाच्या तोंडाशी, मातीतून उचललेल्या होत्या. मुशीत उरलेली राख बोटांना खरखरीत लागली. त्यातली किती गवतातून आली आणि किती नुसतीच चिकटली, हे आमच्या भट्टीला वेगळे करता येत नाही, आणि चिकटलेली माती पचनाचा आकडा फुगवते. मी तिला राखविरहित आधारावरचे, म्हणजे राखेचे वजन वगळून काढलेले उष्मांक मूल्य दिले, पचनाचा रकाना मात्र रिकामा ठेवला आणि पुढच्या उन्हाळ्यात लेंड्या जाळीवर पडतील अशी सोय करून मगच गोळा करण्यास सांगितले.