वर्षश्राद्ध, जोडून सुट्टी आणि फेरीबोट

हरिहरेश्वरला आमच्याकडे राहायला दोन तऱ्हेची माणसं येतात. काहींच्या गाडीत रॅकेटी आणि फुगवायच्या ट्यूबा, काहींच्या गाडीत गुरुजींनी दिलेली यादी आणि काळ्या तिळांची पुडी. गावाला दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे पिंडदानाला लोक बारा महिने येतात, आणि समुद्र आहे म्हणून बाकीचेही येतात. २०२६च्या प्रजासत्ताक दिनाला जोडून तीन दिवस सुट्टी आली, तेव्हा एका कुटुंबाच्या गाडीत दोन्ही होतं.

वडील गेल्या वर्षी रथसप्तमीला गेलेले. तारीख होती ४ फेब्रुवारी. पण वर्षश्राद्ध तिथीने, आणि तिथी या वेळी २५ जानेवारीला आली, नेमकी रविवारी. थोरला मुलगा फोनवर म्हणाला, "काकू, एरवी आम्हाला कुणालाच रजा मिळाली नसती." असं म्हणताना माणसं आवाज का उतरवतात कोण जाणे.

बुकिंग झालं त्याच रात्री धाकट्याचा वेगळा फोन. दिवेआगरला बनाना राइड चालू आहे का, मुलांसाठी विचारतोय, दादाला बोलू नका. शनिवारी दुपारी मंडळी पोचली. काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असं रीतीने दर्शन झालं, आणि चहाच्या वेळी थोरली सून स्वयंपाकघराच्या दारात आली. श्रीवर्धनी सुपारी आणि कोकमं कुठे चांगली मिळतील? "ताईंसमोर नको, त्या म्हणतील बाजारहाट करायला आलोय." अंधार पडल्यावर खुद्द थोरला अंगणात घुटमळत आला. बाणकोटचा किल्ला बघायला किती वेळ लागतो?

ताई म्हणजे मधली बहीण. सगळ्यांना तिचा धाक. आल्या आल्या तिने मुलांना बजावलं होतं, आपण ट्रिपला आलेलो नाही. मला तिचा राग आला नाही. अशा प्रत्येक घरात एक जण तरी हे काम अंगावर घेतो, नाहीतर श्राद्ध राहतं आणि सहल तेवढी होते, हेही मी पाहिलंय.

रविवारी पहाटे माझीच पंचाईत झाली. रथसप्तमी म्हणजे आमच्याकडे अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी, गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध उतू जाऊ द्यायचं. पण पाहुण्यांचा तो दिवस दुःखाचा. रांगोळीचा डबा हातात घेऊन थबकले, तर पाहुण्यांच्या आजी, गेलेल्या वडिलांच्या पत्नी, ओसरीवर बसलेल्याच होत्या. म्हणाल्या, "काढा हो. सण तुमचा आहे, तो कशाला थांबवता?" मग उठून दूध कुठल्या बाजूला उतू जातंय ते नातवंडांबरोबर बघत बसल्या.

त्या दिवसाचं वेळापत्रक समुद्राने ठरवलं. आमच्याकडे भरतीच्या वेळेचा हिशोब सोपा आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट. सप्तमीला सव्वापाच, म्हणजे ओहोटी अकरा-सव्वाअकराच्या सुमारास. देवळामागची प्रदक्षिणेची वाट गणेशगल्लीच्या पायऱ्यांनी खाली कातळावर उतरते, आणि तिथे भरतीत गेलेली माणसं लाटेने ओढून नेलेली आहेत. सप्तमी-अष्टमी भांगाचे दिवस; पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. म्हणून मी साडेदहालाच सगळ्यांना बाहेर काढलं आणि बाराच्या आत परत या म्हणून बजावलं. श्राद्ध अपराह्णात, एकच्या पुढे. मधल्या वेळात मुलांना मऊ भात-तूप वाढला. ताई कुरकुरली. माझ्या सासूबाई म्हणायच्या, लेकरांना उपास नसतो, तेच ऐकवलं.

मी आणि जाऊबाई सकाळपासून चुलीपाशीच होतो. वडे, तांदळाची खीर, कढी, अळूची भाजी, गवार, कारलं, लाल भोपळा, आमसुलाची चटणी. या स्वयंपाकात मीठ चाखून बघायचं नसतं, सगळा हाताचा अंदाज. वडे तळत होते तेव्हा आजी आत आल्या आणि पाट ओढून बसल्या. थोडा वेळ वड्यांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "ती बागमांडल्याची फेरीबोट चालू असते का हो? वरती उभं राहू देतात माणसांना?"

मी झारा तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"ह्यांना बोट लागायची," त्या म्हणाल्या. "लग्नानंतर एकदा बसलो, तर हे असे काही आजारी पडले की पुन्हा नाव काढलं नाही. मलाही मग एकटीने बसायचं सुचलं नाही कधी." जरा थांबून, "मुलांना सांगू नका. आजच्या दिवशी बरं दिसत नाही."

इथे मला हसू आवरेना. घरातल्या प्रत्येकाने माझ्याकडे येऊन गुपचूप फिरण्याची चौकशी केली होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याची भीती. दुःख आणि सुट्टी एका गाडीत आली यात मला काही वावगं वाटत नाही. पूर्वी काशीला गेलेली माणसंही बनारसी साड्या घेऊनच परतायची. मला खटकते ती ही चोरटी कुजबुज.

श्राद्ध नीट झालं. पिंडांवर पाणी सोडताना थोरल्याचा हात थरथरला, धाकट्याने मागून त्याचा खांदा धरला. जेवताना कुणी फारसं बोललं नाही, पण वडे परत परत मागितले.

रात्री वाढताना मी सरळ सांगून टाकलं. उद्या सकाळी शाळेत झेंडावंदन, मुलांना न्या. मग बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडीपलीकडे वेश्वीला, तिथून बाणकोटचा किल्ला. परत येऊन श्रीवर्धनला सुपारी, आणि आरावी-शेखाडीच्या किनारपट्टीच्या रस्त्याने दिवेआगर. ज्याचं त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

ताईने ताटातून मान वर केली. "आईला विचारलंत?"

"त्यांनीच विचारलंय."

आजी कढी भुरकत होत्या. "वरती उभं राहू देतात म्हणे," एवढंच बोलल्या. ताई आईकडे बघत राहिली, मग म्हणाली, "गार वारा असेल, स्वेटर घे." पुढचा अर्धा तास बाबांना बोट कशी लागायची याच्या गोष्टी चालल्या. त्यातल्या निम्म्या अतिशयोक्त असणार, प्रत्येक फेरीत ते आणखी हिरवे पडत होते.

सोमवारी सामान गाडीत चढवून झाल्यावर हिशोबाची वेळ आली. थोरला म्हणाला, श्राद्धाचं बिल वेगळं काढा, ते आम्ही दोघे भाऊ देऊ, राहण्या-फिरण्याचं तिघांत. ताई ऐकेना. शेवटी एकच बिल झालं आणि त्याचे तीन भाग. तेवढ्यात धाकटी सून मोबाइलवर पंचांग बघत होती. येत्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ, म्हणून पुढची रथसप्तमी पुढे सरकते, १३ फेब्रुवारी २०२७. "शनिवार आहे," ती म्हणाली. ताईने माझ्या वहीत दोन खोल्या स्वतःच्या हाताने लिहिल्या.