नमुना तुटला

रविवार, रात्र. नाशिक रोड.

दुपारी चारच्या सुमारास माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, तुटला. ११,२४० तास." चहा उतू गेला, गॅसही विझला, माझं लक्षच नव्हतं.

नमुना म्हणजे निकेलच्या मिश्रधातूची सळई, पेन्सिलीपेक्षा बारीक. ८५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत उभी आणि तिला सतत ओढणारं वजन टांगलेलं. ती किती लांबली ते मायक्रॉनमध्ये लॉगबुकात लिहायचं आणि वाट बघायची, साडेपंधरा महिने. मी निवृत्त होऊन घरी परतले तेव्हा ती निम्म्या वाटेवर होती. निघताना भट्टीला हात टेकवून नमस्कार केला होता.

याला परिभाषाकोशात विसर्पण म्हणतात, भट्टीपाशी सगळे क्रीपच म्हणतात. थंड असताना धातू जे वजन सहज पेलतो, त्याच वजनाखाली तापल्यावर तो हळूहळू लांबत राहतो, कारण आतल्या अणूंना जागा बदलता येऊ लागते. धातू ज्या बारीक स्फटिकांचा बनलेला असतो त्यांच्या सांध्यांवर पोकळ्या धरतात, त्या एकमेकींना मिळतात, आणि एक दिवस सळई तुटते. म्हणून तर जेट इंजिनाची सर्वांत तापणारी पाती एकाच स्फटिकाची ओततात. सांधाच ठेवत नाहीत. परवा ओझरच्या बाजूनं सुखोई गेलं तेव्हा गच्चीवर शेजारच्या मुलाला हेच सांगत होते. पात्यावरून वाहणारा वायू पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तापलेला असू शकतो. पातं आतून पोकळ, त्यात हवा खेळवलेली, वरून झिर्कोनियाचा लेप. म्हणून ते टिकतं. त्याचा विश्वास बसेना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही बसला नव्हता.

हे सगळं मी कॉलेजात शिकले, पण सुरुवात अण्णांपासून. अण्णा, माझे वडील, एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात बॉयलर मेंटेनन्सला होते. ट्यूब लीकेज झालं, युनिट बंद पडलं, की दोन-दोन दिवस घरी येत नसत. मी दहावीत असताना एकदा फुटलेल्या सुपरहीटर नळीचा, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळीचा, वीतभर तुकडा घेऊन आले. माशानं आ वासावा तशी फुटलेली. म्हणाले, "हिच्या कडा बघ. जाड आहेत. ही एका रात्रीत गेलेली नाही, कित्येक वर्षं जात होती." एकदम जास्त तापून फुटते तिच्या कडा सुरीसारख्या पातळ होतात, हेही त्यांनीच सांगितलं. आत काळ्या ऑक्साइडचा थर होता. तो थर उष्णता अडवतो, वाफेपर्यंत पोचू देत नाही. मग नळीचा धातूच आणखी तापत जातो. ५४० अंशांच्या आसपासची वाफ, आणि नळी १ लाख तास चालेल या हिशेबानं आखलेली. म्हणजे साडेअकरा वर्षं.

तो तुकडा माझ्या प्रत्येक टेबलावर होता. आताही समोर आहे.

निकेलकडे मी वळले ते एका आलेखामुळे. बहुतेक धातू तापले की मऊ पडतात. निकेल आणि अॅल्युमिनियमचं Ni₃Al, आमच्या भाषेत गॅमा प्राइम, हे संयुग साधारण ७००-८०० अंशांपर्यंत उलट बळकट होत जातं. तो चढता आलेख पाहून मला रात्री झोप लागली नव्हती. त्यानंतरची सगळी वर्षं त्यातच गेली.

या कामात पेपर सावकाश होतात. बढतीच्या मुलाखतीत एकानं विचारलं, "तीन वर्षांत दोनच?" मी लॉगबुक पुढे केलं, त्यांनी ते उघडलं नाही. ते अजूनही खुपतं. त्याहून जास्त खुपते ती एक मे महिन्यातली रात्र. बॅकअपच्या बॅटऱ्या बदलायची फाइल सहा महिने एका टेबलावर पडून होती. वीज गेली, भट्टी थंड झाली, ७,१०० तासांची चाचणी वाया. दहा महिने. एक सहकारी म्हणाला, पुन्हा तापव, आधीचे नि नंतरचे तास जोडून टाक, कोणाला कळणार? मी लॉगबुकात 'बाद' लिहिलं आणि नवी सळई लावली. त्या दिवशी घरी आल्यावर मी खूप रडले. माझ्या आकड्यावरून कोणीतरी पातं किंवा नळी आखणार असतं, आणि त्या बॉयलरशेजारी कोणाचे तरी अण्णा उभे असतात.

संध्याकाळी तिला फोन केला. पहिलं वाक्य हेच की तुटलेला भाग पुसू नकोस, दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून बघू नकोस, डब्यात वेगवेगळी ठेव. ती म्हणाली, "मॅडम, तसंच ठेवलंय." मग फोटो पाठवला. मोबाइलवर मोठा करून बघितला. मान, म्हणजे तुटली ती जागा, फारशी बारीक झालेली नाही, कड खडबडीत दिसते. सांधे सुटत सुटत गेली असावी, पण हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच कळेल.

उद्या पंचवटीनं मुंबईला निघते. थंडी कडक आहे, स्वेटर काढून ठेवलाय. अण्णांचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातला. तिला दाखवायचा राहून गेला होता.