रोजकीर्दीतला शेक्सपिअर

वडिलांच्या दुकानात रोज रात्री कीर्द लिहिली जायची आणि रविवारी ती खतवायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. कीर्दीत सगळं तारखेने. साखर, हमाली, उधारी, एकाखाली एक. एका गिऱ्हाइकाकडे किती येणं आहे हे बघायचं तर खतावणीत त्याच्या नावाचं पान उघडून एकेक रक्कम तिथे नेऊन बसवायची. मला त्या कामाचा मनस्वी कंटाळा होता. आता रात्री अकराला शेक्सपिअरच्या गावच्या, म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदी स्क्रीनवर उघडून तेच करत बसतो, तेही फुकट.

शेक्सपिअरचं घराणं एका पानावर आयतं मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे गाव-आडनाव सांगितलं की वहीत आजे-पणजे एका ठिकाणी सापडतात. ती खतावणीच. 1538 मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने इंग्लंडभर चर्चला ठेवायला लावली ती वही मात्र कीर्द. बाप्तिस्मा, लग्न, दफन, ज्या दिवशी जे झालं ते. पान आपलं आपण उघडायचं.

26 एप्रिल 1564 : 'गुलिएल्मस फिलिउस योहान्नेस शेक्स्पेरे'. जॉनचा मुलगा विल्यम. कारकुनाची विभक्ती चुकली आहे, षष्ठीचं 'योहान्निस' हवं होतं! ही बाप्तिस्म्याची तारीख. जन्माची कुठेच नाही, 23 एप्रिल हा मागाहून बांधलेला अंदाज. शेजारी कुणीतरी नंतर तीन फुल्या मारून ठेवल्यात. वाण्याच्या वहीत थकबाकीदारापुढे असतात तशा. आणि ही वहीसुद्धा मूळ नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढल्या, ती ही नक्कल.

त्याच वर्षीच्या जुलैत दफनाच्या पानावर एका शिकाऊ कामगाराच्या नावाशेजारी तीन लॅटिन शब्द आहेत : 'इथे प्लेग सुरू झाला'. पुढच्या काही महिन्यांत गावातली दोनशेवर माणसं गेली. जुलैत विल्यम अडीच महिन्यांचा होता.

एकदा मी सपशेल फसलो. हॅम्नेट आणि ज्युडिथ या त्याच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा 2 फेब्रुवारी 1584 चा धरला आणि पोरांना वर्षभराने थोरलं करून मोकळा झालो. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागे. आपल्या हिशेबाने ते 1585. दिवाळीला वह्या बदलणाऱ्या घरातल्या माणसाने हे चुकावं! हॅम्नेटचं दफन 11 ऑगस्ट 1596 ला. वय अकरा.

सगळ्यात जास्त वेळ मी जोनवर घालवला. जॉनची पहिली मुलगी जोन, बाप्तिस्मा 1558. मग 1569 मध्ये पुन्हा जोन. पहिलीच्या दफनाची नोंद सापडत नाही. पण नाव पुन्हा ठेवलं म्हणजे थोरली उरली नसणार. जमा आहे, खर्च लिहायचा राहिला.

विल्यमची नात एलिझाबेथ 1670 मध्ये निपुत्रिक वारली आणि त्याचं पान तिथे संपलं. धाकटी जोन टोप्या बनवणाऱ्या हार्टच्या घरात दिली होती. हेन्ली स्ट्रीटवरच्या वडिलोपार्जित घरात तिने हयातभर राहावं, असं भावाने मृत्युपत्रात लिहिलं. भाडं वर्षाला 12 पेन्स. आज त्या घराण्याचे जे कुणी वंशज आहेत, ते तिच्या पानावरचे.