पान्ह्याचं इंजेक्शन

जनावरांच्या वागण्यावर काम करणारी डॉक्टर अशी माझी ओळख आता आमच्या भागात थोडीफार झाली आहे. पण त्या नावानं कुणी फोन करत नाही. फोन येतात ते असे: बैल एकाएकी मारका झालाय, शेळी करडाला पाजीना, नांदेडच्या फ्लॅटमधलं कुत्रं एकटं ठेवलं की दार ओरबाडतं. गेल्या पावसाळ्यात कंधारच्या पलीकडून, मन्याडच्या खोऱ्यातल्या एका गावातून फोन आला तो म्हशीसाठी. "मॅडम, धार देईना गेलीय. इंजेक्शनलाबी दाद देईना. येता का, का बाजारात काढू?"

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला एक इंटर्न त्या दिवसांत माझ्यासोबत फिरत होता. त्याला घेऊन निघाले.

म्हैस मराठवाडी, तिसऱ्या वेताची, मानेलगत मागे खांद्यापर्यंत गेलेली लांब शिंगं. व्याल्यावर दोन्ही वेळचं मिळून पाच-सहा लिटर दूध देत होती. मग रेडकू जंतांनी दगावलं. (म्हशीच्या पिल्लांमध्ये हे फार होतं. गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच पोटात जातात, म्हणून जंताचं औषध पहिल्या पंधरवड्यातच पाजावं लागतं. महिना-दोन महिने थांबलं की उशीर झालेला असतो.) रेडकू गेल्यावर म्हैस आटायला लागली आणि घरात पान्ह्याचं, म्हणजे ऑक्सिटोसिनचं, इंजेक्शन आलं. लेबल नसलेली प्लास्टिकची बाटली, सुई तीच तीच. आधी सकाळी, मग दोन्ही वेळा, मग डोस दुप्पट. आता तेही चालेना. घरधन्याचं मागणं साधं होतं, "तुमी जरा भारीतलं द्या."

मी आधी म्हैस तपासली. वागण्याची केस आहे असं कुणी सांगितलं तरी सुरुवात शरीरापासूनच करायची, यात मी तडजोड करत नाही. ताप नव्हता. पोटाची हालचाल ठीक होती, गर्भाशयात घाण नव्हती, खुरं बरी होती. चारही सडांतून जेवढं आलं तेवढं दूध पॅडलवर घेऊन दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, चाचणी केली, दूध कुठंच घट्ट झालं नाही, म्हणजे दगडी नव्हती. सडाला चीरही नव्हती. मग मानेवर हात फिरवला. उजव्या बाजूला कातडीखाली सुपारीएवढ्या गाठी लागल्या, एकीला लागून दुसरी. एका गाठीवर बोट दाबलं तशी मानेपासून खांद्यापर्यंत सगळी कातडी थरथरली आणि तिनं शिंग वळवून माझ्याकडे पाहिलं.

"आता रोज काढता तशी धार काढा," मी सांगितलं आणि इंटर्नला घेऊन कडब्याच्या गंजीमागं उभी राहिले.

धार धाकटा मुलगा काढायचा. तो घरातून निघाला तेव्हा म्हैस निवांत रवंथ करत होती. गोठ्याच्या दाराची कडी वाजली आणि तिचं तोंड थांबलं. मुलगा अजून आत आलेला नव्हता, सुई खिशातच होती. कान मागे गेले, मान ताठ झाली, ती खुंट्याच्या पलीकडे दाव्याला ताण देऊन सरकली, लगेच पातळ शेण टाकलं. मुलानं सुई टोचली, तो खाली बसला, चार धारा आल्या आणि बंद. मग लाथ. चरवी सांडली, मुलाच्या तोंडून शिवी गेली, म्हशीच्या पाठीत बुक्की बसली.

भीतीचा हा प्रवास इंटर्नला तिथंच दाखवता आला. आधी सुई दुखली. मग सुई आणणारा माणूस दिसला की दुखणार हे तिला कळलं. मग माणूस यायच्या आधी कडी वाजते हेही कळलं. जनावर असंच शिकतं, एक खूण दुसरीला जोडत.

आणि भ्यालेली म्हैस पान्हा सोडूच शकत नाही. कास चोळली की मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, ते रक्तातून कासेत येतं आणि दुधाच्या बारीक पिशव्या आवळून दूध खाली ढकलतं. भीती वाटली की हे सुटणं थांबतं, शिवाय भीतीनं सुटणारं अ‍ॅड्रेनलिन कासेतच त्याचा रस्ता अडवतं. एली आणि पीटरसन या अमेरिकन संशोधकांनी १९४१ मध्ये गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि शेजारी कागदी पिशव्या फोडून हे दाखवलं होतं. घाबरलेल्या गाईचं दूध खाली येईना. गाईच्या कासेत सडाच्या वरच्या पोकळीत २० टक्क्यांच्या आसपास दूध आधीच उतरलेलं असतं. म्हशीत ते जेमतेम ५ टक्के. म्हणजे पान्हा नसेल तर म्हशीकडून मिळतात त्या चार धाराच. बाहेरून रोज ऑक्सिटोसिन टोचत राहिलं की तिचं स्वतःचं तंत्र मंदावतं, हे वेगळंच. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. हे मी घरधन्याला स्पष्ट सांगितलं, आवाज न चढवता. ती बाटली घरोघर आहे, आणि टोचणारा माणूस दुष्ट नाही, त्याचा डेअरीचा हप्ता चुकलेला असतो.

"याच्या आधी धार कोण काढायचं?" मी विचारलं.

सगळे ओसरीकडं बघायला लागले. तिथं आजी बसल्या होत्या, मनगटाला प्लास्टर. पाय घसरून पडल्या होत्या, रेडकू गेलं त्याच सुमारास. म्हणजे म्हशीचं पिल्लू आणि तिची धार काढणारीण, दोन्ही एकदमच गेलं होतं आणि त्या जागी सुई आली होती.

"आजी, तुम्ही कशी काढायचात?"

"मला कोण इचारायलंय बाई," त्या म्हणाल्या आणि मग थांबेचनात. आधी सरकी पेंडीचं आंबोण पुढ्यात ठेवायचं. ती तोंड घालते तोवर शेपटीच्या बुडाशी खाजवायचं. कोमट पाण्यानं कास धुवायची, पण पाणी एकदम मारायचं नाही, हात ओला करून लावायचा. डाव्या अंगानं बसायचं. आणि बोलत राहायचं. "काय बी बोलावं. भाजीचं, सुनेचं. तिला आवाज लागतो."

इतका तपशीलवार इतिहास मला पदव्या घेतलेल्या माणसांकडूनही क्वचित मिळतो.

संध्याकाळच्या धारेपर्यंत थांबायचं मी ठरवलं. म्हैस गोठ्यातून काढून लिंबाखाली बांधली, म्हणजे कडीचा प्रश्न मिटला. धाकट्याला शेताकडं पाठवलं. सून धारेला बसली, आजी चांगल्या हातानं खाजवायला उभ्या राहिल्या. म्हशीनं आधी त्यांचं प्लास्टर बराच वेळ हुंगलं. आंबोण ठेवलं तरी लगेच तोंड घातलं नाही.

सून सड चोळत होती आणि काहीच येत नव्हतं. गाय मिनिटभरात पान्हा सोडते, म्हशीला नीट चोळूनही त्याहून जास्त वेळ लागतो, आणि ही तर बिथरलेली. बहुतेक घरात इथंच माणूस उठतो आणि बाटली शोधतो. मी सुनेला म्हटलं, "ताई, थांबू नका." आजींचं बोलणं चालूच होतं, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाचं. मग म्हशीनं आंबोणात तोंड घातलं. कान सैल पडले. आणि मागचा डावा सड, जो मघापासून सुरकुतलेला, लोंबता होता, तो आमच्या डोळ्यांदेखत भरला, ताणला, त्याची कातडी चकाकली, टोकाशी पांढरा थेंब आला. सून नुसती "आलं, आलं" म्हणाली. आजींनी बोलण्यात खंड पडू दिला नाही. चरवीत दीडेक लिटर दूध आलं, सुई न लावता.

निघताना घरधनी अवघडून म्हणाला, "मॅडम, इंजेक्शन तर दिलंच नाही तुमी. मग फी...?" मी नेहमीची फी घेतली. ती घ्यायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. पाहण्याला आणि विचारण्याला किंमत नाही असं आपण पशुवैद्यांनीच ठरवलं, तर बाटलीवाला जिंकणारच.

परतीच्या वाटेवर इंटर्नचा प्रश्न: "मॅडम, यातच करिअर करायचं तर?" मी त्याला आहे ते सांगितलं. अमेरिकेत पशुवैद्यक-वर्तनतज्ज्ञांचं स्वतंत्र महाविद्यालय, म्हणजे तज्ज्ञांची मान्यताप्राप्त संस्था, १९९३ पासून आहे. पदवीनंतर तिथं त्याच विषयाचं रीतसर प्रशिक्षण घेता येतं. आपल्याकडं साडेपाच वर्षांच्या पदवीत वर्तन शिकवतात ते पशुधन उत्पादन व व्यवस्थापनाच्या पोटात, आणि नोकरीच्या जाहिरातीत हा शब्द दिसत नाही. कुत्र्या-मांजरांच्या केसेस नांदेड, लातूर, संभाजीनगरात वाढायला लागल्या आहेत, पण मराठवाड्यात राहून हे करायचं असेल तर देवणी आणि लाल कंधारी गाई-बैल, म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या सोडून चालणार नाही. आणि आधी रोगनिदान आणि औषधोपचार पक्के हवेत. मारक्या झालेल्या बैलाला शिंगाचा कर्करोग असू शकतो. गरीब गाय अचानक अंगावर यायला लागली, हंबरत सुटली, लाळ गाळायला लागली तर पहिली शंका रेबीजची घ्यायची आणि तिच्या तोंडात हात घालायचा नाही. घशात काही अडकलंय म्हणून हात घालणारे मी पाहिलेत. हे न कळणाऱ्यानं वर्तनतज्ज्ञ म्हणून पाटी लावू नये.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण आज आपण औषध काहीच दिलं नाही." गाठींना शेक सांगितला होता तेवढाच.

ती म्हैस सरळ सुधारली नाही. आजी प्लास्टर काढायला दवाखान्यात गेल्या त्या दिवशी दूध पुन्हा घसरलं. धाकटा एकदा विसरून जवळ गेला तेव्हा लाथ बसली. सुनेला मी रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं करायला सांगितलं होतं आणि तिनं ते चिकाटीनं केलं. हळूहळू आजी नुसत्या ओसरीवरून बोलल्या तरी चालायला लागलं, मग त्याचीही गरज उरली नाही. दूध पूर्वीइतकं भरलं नाही, वेत अर्धं झालंच होतं. पण बाजारात काढायचं बोलणं बंद झालं. धाकट्यानं आता फक्त आंबोण ठेवायचं आणि मागे फिरायचं, असं त्याला लावून दिलंय. त्याच्या हातून आधी चांगलं काही मिळू दे.

म्हैस पुन्हा गाभण आहे. पुढच्या वेताला रेडकू पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवून चीक बाटलीनं पाजायचा, म्हणजे पान्हा पिल्लावर अडकणार नाही, असं मी सुचवलं. सून तयार आहे. आजींना ते पटलेलं नाही. व्यायला आली की मी दोघींसमोर बसून ठरवणार आहे.