खुंटीवरची बंदूक

आज राधानगरीला मामांकडे गेले होते. जेवणं आटोपून आम्ही सोप्यात बसलो होतो. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर मामांचा नऊ वर्षांचा नातू टाचा उंचावून खुंटीवरच्या बंदुकीचा पट्टा ओढत होता. गवे आणि रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर घेतलेली बंदूक. मामा म्हणाले, "अगं, रिकामी हाय ती." तरी माझे हातपाय गार पडले.

कोल्हापूरला परतताना एसटीत तेच डोक्यात. २०२० मध्ये अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बंदूक ठरलं, रस्ते अपघातांच्याही पुढं. एका वर्षात ४,३०० हून जास्त पोरं! बहुतेक खून, त्याखालोखाल आत्महत्या. चुकून सुटलेल्या गोळीचे बळी त्या मानानं थोडे, पण त्यांत अगदी चिमुकली असतात. कोरोनात शाळा बंद, मुलं घरात कोंडलेली, आणि त्याच वर्षी तिथं बंदुकांची विक्रमी खरेदी झाली. आत्महत्येचा विचार कित्येकदा काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात हाताशी बंदूक असली की सावरायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, हे किती मोठं नशीब.

निघण्याआधी हट्टच धरला. मामांनी बंदूक ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली मामींच्या कनवटीला. काडतुसं वेगळ्या कपाटात ठेवा म्हटलं, तर "बघू" म्हणाले. उद्या सकाळी परत फोन करणार आहे.