तुम्ही विचारलंत म्हणून: जे माहीत नाही ते धरून कसं चालायचं?

बारावीला तर्कशास्त्र शिकवतो. सोपाधिक सिद्धतेचा, म्हणजे एखादी गोष्ट 'समजा' म्हणून धरून 'जर-तर'चं विधान सिद्ध करण्याचा, धडा आला की दरवर्षी एक हात वर होतोच, आणि परवा तुम्हीही तेच विचारलंत: जे खरं आहे की नाही ठाऊक नाही ते गृहीत धरलं, तर काहीही सिद्ध होईल की!

शंका रास्त आहे. मी फळ्यावर माझीच रोजची रड मांडतो. पॅसेंजर चुकली तर एसटीने यावं लागतं. पॅसेंजर चुकली आणि एसटीने यावं लागलं, तर पहिला तास बुडतो. ही दोन आधारविधानं, म्हणजे सुरुवातीला दिलेली विधानं. आता समजा, पॅसेंजर चुकली. म्हणजे एसटी आलीच नशिबी. दोन्ही जोडलं की तास बुडाला. इथे 'समजा'च्या ओळीपासून डावीकडून बाण खाली आणायचा, या ओळीखाली आडवा वळवायचा आणि त्याच्या बाहेर लिहायचं: पॅसेंजर चुकली तर पहिला तास बुडतो. त्या दिवशी गाडी वेळेवर असते, मी वर्गात उभा असतो, तरी सिद्धतेला धक्का नाही. गाडी चुकली असं आपण म्हटलंय कुठे?

पोरं घसरतात ती बाण वळल्यावर. आतली 'तास बुडाला' ही ओळ उचलून खाली वापरतात. मी तिला लाल गोल करतो. भातुकलीतला चहा तो, खेळ मोडल्यावर खऱ्या पाहुण्यांपुढे ठेवता येत नाही.

गणितात 'समजा' फार जुनं, पण फ्रेगे-रसेल या तर्कशास्त्रज्ञांच्या पद्धतीत सगळं स्वयंसिद्धांपासून, म्हणजे सिद्ध न करता मानलेल्या मूळ विधानांपासून, काढायचं, तिथे त्याला जागाच नव्हती. १९२६ साली पोलंडमध्ये, वॉर्सात, तर्कशास्त्रज्ञ वुकाशेविच यांनी हा पेच विद्यार्थ्यांपुढे टाकला. याश्कोव्स्की या विद्यार्थ्याने तो सोडवला. गृहीतक आणि त्यातून निघालेल्या ओळींभोवती तो चक्क चौकट आखायचा. १९३४ मध्ये त्याचं काम छापून आलं, आणि त्याच सुमारास जर्मनीत गेंट्झेन या तर्कशास्त्रज्ञाचंही, स्वतंत्रपणे. मला बाणापेक्षा चौकट आवडते, पण पेपरात बाणच काढावा लागतो.

राहिलं तुमचं 'काहीही'. आधारविधान एकही घेऊ नका, हवं ते गृहीत धरा आणि लगेच बाण वळवा. हाती येतं: पॅसेंजर चुकली तर पॅसेंजर चुकली.